गोव्यातल्या साध्या खाणावळीत रोज जेवायचं तर

प्रश्न: नोकरीनिमित्त साताऱ्याहून पणजीला आलो आहोत. दुपारचं जेवण रोज बाहेरच घ्यावं लागणार, तेही खिशाला परवडेल असं. मासे आवडतात, पण त्यातलं कळत नाही. महिन्याभरात दोनदा त्रास झाला. एकदा रात्रीचं पार्सल खाऊन पोट बिघडलं, एकदा तळलेला बांगडा खाल्ल्यावर तोंड चुरचुरलं आणि चेहरा, मान लाल झाली. पत्नी शाकाहारी आहे. खाणावळ कशी निवडावी आणि तिथे काय मागवावं?

उत्तर: बांगड्याची गोष्ट आधी घेतो, कारण तिच्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. मासा खाल्ल्यावर पाच-दहा मिनिटांपासून तास-दोन तासांत तोंड चुरचुरणं, चेहरा तापून लाल होणं, डोकं ठणकणं, छातीत धडधडणं ही लक्षणं दिसली की आपण ‘मासा बाधला’ म्हणतो. बऱ्याचदा ही माशाची अ‍ॅलर्जी नसते, हिस्टामिनची बाधा असते. बांगडा, तारले (सार्डिन), कुपा (ट्यूना) या लाल मांसाच्या माशांत हिस्टिडीन नावाचं द्रव्य भरपूर असतं. मासा मेल्यावर बर्फाविना पडून राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. एकदा तयार झालेलं हिस्टामिन तळून, उकळून किंवा गोठवून जात नाही. वासावरूनही ते नेहमी कळत नाही. पहिल्याच घासाला जिभेच्या शेंड्याला मिरीसारखं झोंबलं आणि ती चव मसाल्याची वाटली नाही, तर तो मासा तिथेच बाजूला ठेवा. भिडेखातर संपवू नका. त्रास बहुधा काही तासांत ओसरतो, पण श्वास लागला, ओठ किंवा घसा सुजला तर 108 ला फोन करून दवाखाना गाठायचा. एकदा डॉक्टरांना सगळं सांगून खरी अ‍ॅलर्जी नाही ना याची खात्री करून घ्या. आधी आणि नंतरही बांगडा निर्धोक पचत असेल, तर तेही त्यांना आवर्जून सांगा.

यातून पहिला नियम निघतो: बांगडा आणि तारले दुपारीच खायचे, तेही जिथे ते भराभर खपतात तिथे. हा नियम पटायला खाणावळीच्या स्वयंपाकघराचा दिवस कसा जातो ते माहीत हवं. सकाळी साडेसहा ते आठच्या दरम्यान बाजारातून नुस्तं (मासळी) येतं. ते साफ करून, मीठ-हळद लावून ठेवतात. दहाच्या सुमाराला नारळ खोवून मसाल्याचं वाटण होतं, त्याला इथे वाटप म्हणतात. साडेअकरापर्यंत हुमण (नारळाच्या वाटणातली माशाची आमटी) उतरतं, बाराला तवा तापतो. साडेबारा ते पावणेदोन हा खरा जेवणाचा वेळ, तेव्हा सगळं ताजं आणि गरम असतं. दोननंतर भांड्याच्या तळाचं हुमण येतं, त्यात मासा मोडलेला असतो आणि वाटप खाली बसलेलं. अडीचनंतर ‘फक्त इस्वण आहे’ हे उत्तर ऐकायला मिळतं, म्हणजे फ्रीजमधली सुरमईची फोड. संध्याकाळी साडेसात-आठला तीच खाणावळ पुन्हा उघडते ती दुपारच्या उरलेल्या सामानावर आणि बारच्या गिऱ्हाइकावर. स्वस्त जागेत चांगलं जेवायचं असेल तर जागेइतकाच वेळ सांभाळा. ऑफिसात थोडं बोलून जेवायची सुट्टी साडेबाराला मिळवता आली तर महागड्या हॉटेलापेक्षा तिचा उपयोग जास्त होईल.

आता निवड. दर्शनी भागापेक्षा तीन गोष्टी बघा. पहिली, फळा. खडूने लिहिलेला आणि रोज बदलणारा फळा असेल, त्यावर एक-दोन हुमणं आणि चार-पाच तळायचे मासे असतील, तर त्या दिवशी बाजारात जे मिळालं तेच शिजतंय असं समजा. आठ पानांचं मेनूकार्ड, त्यात पंजाबी, चायनीज, तंदुरी आणि शेवटी गोवन, असं असलं की एवढ्याशा स्वयंपाकघरात हे सगळं फ्रीजरशिवाय जमत नाही हे उघड आहे. दुसरी, गिऱ्हाईक. सव्वाबाराला बँकेतले लोक, सरकारी कचेरीतले कारकून, कदंब बसचे ड्रायव्हर-कंडक्टर, बाजारातले दुकानदार येऊन बसत असतील आणि अनोळखी माणसाशेजारी टेबल वाटून जेवत असतील, तर ती जागा धरा. या लोकांना रोज जेवायचं असतं, एकदा फसवलं तर ते दुसऱ्या दिवशी येत नाहीत. तिसरी, मागची बाजू. सकाळी साडेदहाला तिथून जाताना वाटपाच्या यंत्राचा आवाज येतो का, करवंट्यांचा ढीग दिसतो का. रोज नारळ फुटतो तिथे पावडरीचं हुमण सहसा नसतं. हात धुवायच्या बेसिनची अवस्था आणि वाढप्याच्या खांद्यावरचं फडकं या दोन गोष्टी तर बसल्या बसल्याच दिसतात.

आत गेल्यावर विचारायचं ते असं: ‘आयज नुस्तें कितें आसा?’ आणि ‘हुमण कसलें?’ इथल्या वाढप्याला मराठी उत्तम कळतं, ‘भाऊ, आज मासा कोणता?’ म्हटलंत तरी चालेल. पण प्रश्न ‘आज काय चांगलं आहे?’ असा नको. त्याला उत्तर एकच मिळतं, ‘सगळंच’. ‘आज सकाळी काय आलं?’ विचारा. या प्रश्नाला थांबून, नेमकं नाव घेऊन उत्तर मिळालं तर ते खरं असतं. नावांची जुळणी एकदा करून ठेवा: इस्वण म्हणजे आपली सुरमई, चणक म्हणजे जिताडा, माणकी म्हणजे माकुल, सुंगटां म्हणजे कोळंबी, मोरी म्हणजे मुशी, कुर्ल्यो म्हणजे खेकडे. शेवटो हा खाडीतला मासा. मुडदुशी लांबट, नाजूक आणि गोड असते, दर जास्त असला तरी महिन्यातून एकदा खाण्याजोगी.

फिश थाळी, इथल्या बोलण्यात ‘राईस प्लेट’ किंवा नुसतं ‘जेवण’, साध्या खाणावळीत जागेनुसार साधारण 150 ते 250 रुपयांत मिळते. तिच्यात शीत म्हणजे भात, हुमण, एक सुकी भाजी, तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं किंवा किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर), लोणचं, सोलकढी आणि एक छोटा तळलेला मासा, बहुतेक वेळा बांगडा किंवा त्याचा अर्धा भाग. भात, हुमण आणि भाजी बहुतेक ठिकाणी पुन्हा वाढतात, तळलेला मासा आणि सुकं पुन्हा मागितलं तर पैसे पडतात. काही ठिकाणी दुसऱ्यांदा भात घेतला तरी आकार लावतात, म्हणून पहिल्या दिवशी विचारून घ्या.

‘उकडें काय सुरय?’ हा पहिला प्रश्न तुम्हालाच येईल. उकडा म्हणजे जाड, तांबूस झाक असलेला उकडा तांदूळ, सुरय म्हणजे साधा पांढरा. घाटावरून आलेला माणूस सुरय म्हणतो आणि तिथेच अर्धी मजा घालवतो. उकड्याचा दाणा मोकळा आणि चिवट असतो, पातळ हुमण त्यात मुरतं पण त्याचा लगदा होत नाही. शिवाय दीड वाजता सुरयेचा भात गोळा झालेला असतो, उकडा तसा होत नाही. आठवडाभर खा, सवय होईल.

हुमणाबद्दल सविस्तर लिहितो, कारण थाळीची परीक्षा तळलेल्या माशावर नाही, हुमणावर होते. घरी चार माणसांच्या बांगड्याच्या हुमणाला अर्धा मोठा नारळ, सात-आठ सुक्या मिरच्या, चहाचा चमचाभर धणे, पाव चमचा हळद आणि सुपारीएवढी चिंच लागते. हे इतकं बारीक वाटायचं की चिमटीत धरल्यावर रवाळ लागू नये. उकळी आली की मासा, सात-आठ ठेचलेली तिरफळं (उग्र वासाचा मसाला) आणि मीठ, मंद आचेवर सहा-सात मिनिटं. डाव घालायचा नाही, भांडंच धरून हलवायचं. वाटप पडल्यावर खळाखळा उकळत ठेवलं तर नारळ फुटतो आणि हुमण चोथापाणी होतं. खाणावळीत तेवढ्याच नारळात आठ-दहा वाट्या काढाव्या लागतात, म्हणून तिथलं हुमण पातळ असतं. पातळ हुमण ही फसवणूक नव्हे. फसवणूक असते ती तांदळाचं पीठ किंवा मैदा लावून दाट केलेल्या हुमणात. ते ओळखायला चमचाभर हुमण ताटाच्या कडेला पाच मिनिटं ठेवून द्या. नारळाचं असेल तर कडेने लालसर तेलकट पाणी सुटतं आणि मध्ये बारीक कण बसतात. पिठाचं असेल तर गुळगुळीत, चकचकीत गोळा तसाच राहतो आणि वर साय धरते.

रंगावर जाऊ नका. काणकोणच्या खोला मिरचीला 2020 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, रंग आणि स्वाद दोन्ही तिच्यात आहेत, पण स्वस्त खाणावळीला ती परवडत नाही. तिथे बेडगी किंवा काश्मिरी असते आणि त्यात काही वाईट नाही. जेवण झाल्यावर साबणाने धुऊनही बोटं शेंदरी राहिली, तर मात्र मिरचीबरोबर रंगही पडला असावा असा संशय घ्यायला जागा आहे. तिरफळ बांगडा, तारले अशा तेलकट माशांना हवंच, कोळंबीच्या हुमणात मात्र कांदा असतो. ताटात आलेलं तिरफळ चावायचं नाही, जीभ बधिर होते. बाजूला काढायचं. हुमण कडवट लागलं तर तिरफळाच्या आतली काळी बी काढली नव्हती असं समजा. फळ्यावर ‘मोरीचं आंबट-तिख’ दिसलं तर जरूर मागवा, पण वाटी जवळ घेऊन आधी वास घ्या. मोरीच्या मांसात युरिया असतो, ती शिळी झाली की त्याचा अमोनिया होतो आणि तो नाकाला लगेच झोंबतो. असा वास आला तर वाटी परत करा. शिळ्या मोरीचा हा वास मसाल्याने दबत नाही.

तळलेल्या माशाचा दर फळ्यावर अनेकदा लिहिलेला नसतो, ‘साइझप्रमाणे’ असतो. बिल वाढतं ते बहुधा याच एका ओळीत. मागवण्याआधी ‘तळिल्ल्याचो भाव कितलो?’ विचारायचं, आणि इस्वण असेल तर फोड दाखवा म्हणायचं. यात कुणी राग मानत नाही, ताटात किंवा ट्रेमध्ये मसाला लावलेल्या फोडी आणून दाखवतात. तेव्हाच बघून घ्या: मांस घट्ट आणि ओलसर, कण्याभोवती तपकिरी डाग नाही, कडा सुकून वळलेल्या नाहीत. बांगडा अख्खा असेल तर पोट शाबूत हवं. पोट फुटलेला बांगडा बराच वेळ पडून राहिलेला असतो.

रवा लावून तळणं ही इथली चांगली रीत आहे, पण जाड रव्याच्या कवचाखाली बरंच काही झाकलं जातं. नवीन खाणावळीत पहिल्यांदा ‘रवा नको, नुसतं मीठ-तिखट लावून तव्यावर’ असं सांगा. आलेला मासा कण्याच्या रेषेवर बोटाने दाबा. ताजा असेल तर वरचं मांस सलग पट्टीसारखं कण्यापासून सुटतं आणि त्याच्या स्वच्छ पाकळ्या पडतात. शिळा असेल तर कण्याला चिकटून राहतं आणि लोण्यासारखं फासलं जातं. तेलाचंही तसंच. कवचावर बारीक काळे ठिपके, तोंडात मागे राहणारी खवट चव आणि स्वयंपाकघरातून येणारा निळसर धूर म्हणजे कालचंच तेल आहे. तळणीच्या तेलातली पोलर द्रव्यं (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने वाढणारी) 25 टक्क्यांच्या वर गेली की ते वापरायचं नाही असा अन्नसुरक्षेचा नियम 2018 पासून आहे. खाणावळीत ते मोजायला कुणी बसत नाही, तुमची जीभच प्रमाण. तळलेला मासा आला की आधी तोच खा. हुमणभात गरम राहतो, रवा मात्र दहा मिनिटांत मऊ पडतो.

रेशाद मसाला भरलेला बांगडा वेगळा. मिरची, लसूण, मिरी, जिरं, लवंग, दालचिनी माडाच्या व्हिनेगरमध्ये वाटून तो करतात, आणि व्हिनेगरमुळे मसाला आठवडाभरही टिकतो. म्हणूनच मासा कधीचा आहे हे त्याच्या चवीवरून ओळखणं कठीण. ओळखीच्या जागीच मागवावा.

तिसऱ्यांचं सुकं म्हणजे शिंपल्यांचा नारळ घालून केलेला कोरडा प्रकार. दातांखाली कचकच आली तर त्या मिठाच्या पाण्यात पुरेशा वेळ ठेवलेल्या नव्हत्या. ही आळशीपणाची खूण आहे, विषाची नव्हे. शिजूनही घट्ट मिटलेली शिंप मात्र उघडायचा प्रयत्न करू नका. मुसळधार पावसाच्या आठवड्यात तिसऱ्या टाळलेल्या बऱ्या, नदीच्या मुखात तेव्हा सगळीकडचा गाळ आणि घाण उतरलेली असते. किसमूर म्हणजे भाजलेली सुकी सुंगटं, कांदा, ओला नारळ, मिरची आणि आंबटपणा. ते आयत्या वेळी कालवलं तरच कुरकुरीत असतं. एकदम संपवू नका, हुमणभाताच्या घासाला चिमूट-चिमूट लावत जा.

सोलकढीबद्दल स्पष्ट बोलतो, कारण पर्यटकांच्या गर्दीने तिची रया घालवली आहे. खरी सोलकढी म्हणजे भिजवलेल्या आमसुलांचं पाणी, नारळाचं पहिलं दूध, लसूण, हिरवी मिरची, मीठ. तिचा रंग फिकट गुलाबी, किंचित मळकट असतो. आमसुलाच्या आंबटपणामुळे नारळाचं दूध काही वेळाने फाटतंच, म्हणून अर्ध्या तासाने वर साय आणि खाली पाणी दिसलं तर ती खरी आहे, ढवळून प्या. भडक गुलाबी, गोडसर आणि तासभर एकजीव राहणारी सोलकढी सरबताच्या बाटलीतली आणि पावडरीच्या दुधाची असते. नारळ न घालता केलेली नुसत्या आमसुलाची पातळ कढीही मिळते. ती स्वस्त असली तरी चोख आहे, पावसाळ्यात पोटाला तीच बरी. सकाळी केलेली नारळाची सोलकढी इथल्या उष्म्यात तीन-चार तासांत खराब होते, तेव्हा रात्री ती मागवू नका.

आता ऋतू. यांत्रिक बोटींना 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवस मासेमारीची बंदी असते. त्या काळात फळ्यावर इस्वण आणि पापलेट दिसले तर ते बहुधा परराज्यातले किंवा गोठवलेले असतात. 2018 च्या जुलैत मडगावच्या घाऊक मासळी बाजारात मासळीत फॉर्मेलिन हे घातक रसायन वापरल्याच्या संशयाचं प्रकरण उठलं आणि सरकारला बाहेरून येणाऱ्या मासळीवर काही दिवस बंदी घालावी लागली, तेव्हापासून या दोन महिन्यांत इथला माणूस जास्त चौकस झाला आहे. तुम्हीही व्हा. जून-जुलैत नदी-खाडीतले शेवटे, चणक, कुर्ल्या मागवा, किंवा सरळ सुक्या माशांकडे वळा. सुक्या बांगड्याची किसमूर, सुक्या सुंगटांचं हुमण हेच पावसाळ्याचं खरं जेवण. तायखिळ्याची (टाकळ्याची) आणि अळूची भाजी याच दिवसांत ताटात येते. ऑगस्टमध्ये ट्रॉलर निघतात आणि सुरुवातीला कोळंबी भरपूर येते. तेव्हाच श्रावण असतो, अनेक घरांत नुस्तं बंद असतं. श्रावण पाळत नसाल तर त्या दिवसांत कोळंबीचं हुमण जरूर खा, मागणी कमी असल्याने दरही बरा असतो.

तुमच्या पत्नींसाठी लक्षात ठेवायचा शब्द ‘शिवराक’, म्हणजे शुद्ध शाकाहारी. फिश थाळीतला मासा वगळून दिलेलं ताट म्हणजे शिवराक जेवण नव्हे. इथे भोपळ्याच्या, तेंडल्याच्या, कोबीच्या भाजीतही चवीला सुकी सुंगटं पडतात, आणि वाढप्याला त्यात सांगण्यासारखं काही वाटत नाही. ‘ह्यांत सुंगटां ना मू?’ हे दर वेळी विचारायला हवं. तवा, झारा एकच असतो हेही गृहीत धरा. ते चालत नसेल तर फक्त शाकाहारी हॉटेलातच जावं, पणजी, मडगाव, म्हापसा इथे ती आहेत, आणि मंगेशी-म्हार्दोळच्या देवळांच्या परिसरात तर आहेतच. मिश्र खाणावळीत शिवराक जेवायचा उत्तम दिवस सोमवार. सोमवारी, गुरुवारी आणि एकादशीला अनेक हिंदू गिऱ्हाइकं मासे खात नाहीत, म्हणून त्या दिवशी भाज्यांकडे स्वयंपाकी नीट लक्ष देतो. अळसांद्यांचं तोणाक (चवळीसारख्या कडधान्याची रस्साभाजी), मुगागाठी (मोडाच्या मुगाची), वालाची भाजी आणि नशीब असेल तर खतखतं (मिश्र भाज्यांचा रस्सा). खतखत्यात भाज्या वेगवेगळ्या दिसायला हव्यात, तूरडाळ त्यांना धरून ठेवण्यापुरती, गूळ आणि तिरफळ दोन्ही जिभेला लागायला हवेत. सगळं मिळून पिवळा लगदा आला तर ते कालचं उकळलेलं. उलट बाजूने बघाल तर सोमवारी खप कमी म्हणून रविवारचा मासा उरलेला असू शकतो. त्या दिवशी तुम्हीही भाजीवर या.

सकाळचा नाश्ता भाजी-पाव. पणजीत कॅफे भोसले, कॅफे ताटो यांसारख्या जागा त्यासाठी प्रसिद्ध आहेत, पण चांगली भाजी प्रत्येक शहरात बाजाराजवळ मिळतेच. पातळ भाजी वाटाण्याची किंवा चण्याची, नारळाच्या वाटपातली. सुकी भाजी बटाट्याची. दोन्ही एकत्र हवी तर ‘मिक्स’. पावात निवड असते: मऊ चौकोनी पाव, कडक सालीचा उंडा, कोंड्याची पोकळ पोळी. पातळ भाजीला उंडा घ्या, साल रस पिते आणि तरी तुटत नाही. बन्स म्हणजे केळं घालून तळलेली फुगीर गोडसर पुरी, ती गरम नसेल तर घेऊ नका. हे सगळं साडेसात ते साडेनऊ. म्हापशाला शुक्रवारी बाजार असतो, त्या दिवशी भाजी अखंड उतरत राहते, म्हणून उशिरा गेलात तरी ताजी मिळते.

बिल. रेस्टॉरंटला जीएसटी 5 टक्के, 200 च्या जेवणाला 10 रुपये, बिलावर अडीच-अडीच टक्क्यांच्या दोन ओळींत. छोट्या खाणावळी बऱ्याचदा कॉम्पोझिशन योजनेत (छोट्या व्यावसायिकांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत) असतात. त्यांना गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही आणि त्यांच्या बिलावर तसं लिहिलेलं असतं. दारूवर जीएसटी नाही, तिचा कर वेगळा. जेवणाच्या बिलावर 14 आकडी अन्न परवाना क्रमांक छापणं 1 जानेवारी 2022 पासून सक्तीचं आहे. सेवाशुल्क आपोआप बिलात घालायचं नाही असे निर्देश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये दिले, आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. साध्या खाणावळीत सेवाशुल्क सहसा नसतंच. कुणी लावलं तर शांतपणे काढायला सांगा, नाही ऐकलं तर 1915 हा ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक. खराब अन्नाची तक्रार बांबोळीच्या अन्न व औषध प्रशासन संचालनालयाकडे, बिलासह.

पार्सल खाऊन पोट बिघडलं, त्यात माशाइतकाच भातावरही संशय घ्या. शिजलेल्या भातात बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू उरतो, भात तासन् तास कोमट राहिला की तो वाढून विष सोडतो, आणि ते विष पुन्हा गरम करून जात नाही. दुपारचा भात रात्री आठला डब्यात भरून दिला की हेच होतं. म्हणून पार्सलमध्ये हुमण आणि तळलेला मासा घ्या, भात घरी लावा. हुमण गरम असताना प्लास्टिकच्या पिशवीत घेऊ नका, स्टीलचा डबा न्या. सोलकढीही स्टीलमध्येच, तांब्या-अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात नको. तळलेल्या माशाचं झाकण थोडं उघडं ठेवा. राहिलेलं हुमण घरी लगेच फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या सकाळी आटवलं तर ती ‘काल्ची कडी’ झाली, पावाबरोबर तिच्यासारखं काही नाही.

जागा पसंत पडली की महिन्याचं बोला, पण पहिले पंधरा दिवस रोख देऊन जेवा. मग मालकाशी चार गोष्टी ठरवा: महिन्याचे किती दिवस धरायचे, न आलेल्या दिवसाचे पैसे पुढे वळते होणार का, शिवराक दिवशी दर कमी होणार का, आणि आठवड्यातून तीन दिवस तळलेल्या माशाऐवजी हुमणातला मोठा तुकडा मिळेल का. शेवटची अट तब्येतीसाठी महत्त्वाची, रोजचं तळण कुणालाच मानवत नाही. भात अर्धाच वाढायला सांगा. आणि चतुर्थीचं लक्षात ठेवा. गणपतीत स्वयंपाकी-वाढपी गावी जातात, अनेक खाणावळी दोन ते पाच दिवस बंद असतात, तेव्हा त्या आठवड्याचं सामान आधीच घरी भरून ठेवा.